कवितेतली 'मॉरल्स' आली कुठून?

बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या ॲप्रिसिएशनचा, म्हणजे रसग्रहणाचा प्रश्न असतो, चार मार्कांचा. सोबत मुद्दे दिलेले असतात, कवी आणि शीर्षक, थीम, शैली, अलंकार वगैरे, आणि त्यातच एक मुद्दा असा की कवितेतला प्रेरणादायी संदेश, मूल्यं, मॉरल्स लिहा. आमच्या शाळेला जोडून ज्युनियर कॉलेज आहे, मी खालचे वर्ग पण घेतो आणि वरचे पण, आणि दरवर्षी या मुद्द्यापाशी माझी गाडी अडते.

कारण पुस्तकात दिलीप चित्र्यांची 'फादर रिटर्निंग होम' आहे. लोकलने रात्री उशिरा घरी येणारा म्हातारा बाप, भिजलेले कपडे, चिखलाचे डाग पडलेला रेनकोट, फाटायला आलेली पुस्तकांची पिशवी. घरी येऊन शिळी चपाती खातो, पांचट चहा पितो, पोरं त्याच्याशी धड बोलत नाहीत. तो टॉयलेटमध्ये जाऊन माणसाच्या एकटेपणाचा विचार करतो तिथे वर्ग हमखास हसतो, मी पण हसू देतो, आणि मग रेडिओची खरखर ऐकत तो झोपी जातो तिथवर येईपर्यंत मागचे बाक सुद्धा गप्प झालेले असतात. आता यातलं मॉरल काय सांगू? ज्या माणसाने तुकाराम इंग्रजीत नेला त्याने ही कविता कुणाला बोध करायला लिहिली असेल असं मला तरी वाटत नाही.

तर हा मुद्दा पेपर काढणाऱ्याच्या डोक्यातून परवा निघालेला नाही, त्याची मुळं पार कंपनी सरकारात जातात.

१८१३ च्या चार्टर ॲक्टने, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने, ईस्ट इंडिया कंपनीला हिंदुस्थानातल्या शिक्षणावर वर्षाला लाखभर रुपये खर्च करायला सांगितलं. त्याच कायद्याने मिशनऱ्यांना पण वाट मोकळी झाली, पण सरकारी शाळेत बायबल शिकवायला कंपनी घाबरायची, इथल्या लोकांच्या धर्मात हात घातला तर भडका उडेल ही भीती. आणि 'नेटिवांना' नीती तर शिकवायची होती! मग बायबल नाही तर शेक्सपिअर, मिल्टन. म्हणजे धर्माचं नाव न घेता ख्रिस्ती वळणाची नीती साहित्यातून पाजायची. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' या पुस्तकात हे सगळं कागदपत्रांतून उकलून दाखवलंय. गंमत बघा, ऑक्सफर्डात इंग्रजी साहित्याची स्वतंत्र ऑनर्स परीक्षा सुरू झाली १८९४ च्या सुमारास, आणि कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात डेरोझिओ हा तरुण कवी-शिक्षक १८२६ पासूनच इंग्रजी साहित्य शिकवत होता.

मेकॉलेचं इंग्रजी शिक्षणाची बाजू घेणारं १८३५ चं टिपण सगळ्यांना माहीत असतं, व्हॉट्सॲपवर त्याच्या नावाने खोटे उतारे पण फिरतात, पण मला विचाराल तर वर्गातल्या शिकवण्यावर जास्त परिणाम १८४४ चा झाला. गव्हर्नर जनरल हार्डिंजने ठरवलं की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना आधी घ्यायचं. झालं, कविता नोकरीच्या रांगेत उभी राहिली. १८५७ ला मुंबई विद्यापीठ निघालं, मॅट्रिक आली, १८६२ ला पहिले बीए बाहेर पडले, त्यात रानडे आणि भांडारकर होते. परीक्षा आली की नोट्स आल्या आणि पाठांतर आलं, ते अजून गेलेलं नाही.

आपल्या लोकांनी मात्र हे औषध सांगितलं तसं घेतलं नाही, हे मला फार आवडतं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं, म्हणजे पिऊन गुरगुरायचंच. १८८० ला टिळक-आगरकरांसोबत न्यू इंग्लिश स्कूल काढलं. आगरकरांनी हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं, देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला. ज्या पुस्तकांतून निष्ठावान कारकून घडायचे होते त्यातून नाटकं निघाली आणि संपादक पण निघाले.

स्वातंत्र्यानंतर वारं फिरलं. मुंबई राज्यात काही काळ इंग्रजी आठवीपासून होतं, नंतर पाचवीपासून. पाचवीत येऊन एबीसीडी गिरवणाऱ्या पोराला शेक्सपिअर कुठून झेपणार, म्हणून वाक्यरचना, शब्दसंपत्ती, उतारा वाचून उत्तरं यावर भर आला आणि साहित्य भाषेचं हमाल झालं. १९६७ ला बालभारती स्थापन झाली, २००० पासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. आताच्या बारावीच्या पुस्तकात तर कादंबरीवर वेगळा विभागच आहे, आधी कादंबरीचा इतिहास आणि मग उतारे, ही मला चांगली गोष्ट वाटते, फक्त आख्खी कादंबरी वाचायला वेळ आणि लायब्ररी द्यायचं राहिलं. असो.

म्हणजे कंपनीची नीती, मॅट्रिकच्या नोट्स आणि नंतरची भाषिक कौशल्यं हे सगळे थर एकावर एक चढले आणि आज चार मार्कांच्या एका चौकटीत मुक्कामाला आलेत. रात्री सातबाऱ्याचा उतारा वाचल्यासारखं वाटतं मला ते मुद्दे वाचताना, आधीच्या सगळ्या मालकांची नावं तशीच खाली.

मागच्या चाचणीत मी हीच कविता टाकली होती. एकीने, जिचे वडील एसटीत कंडक्टर आहेत आणि मुक्कामी गाडीवर असतात, मॉरलच्या मुद्द्याखाली मोडक्या इंग्रजीत एकच ओळ लिहिली होती, वडील यायच्या वेळी चपाती गरम करून द्यावी. स्पेलिंग दोन चुकलेली. लाल पेन हातात घेऊन मी बराच वेळ तसाच बसलो, मग पूर्ण मार्क देऊन टाकला.