प्रणाली विचार (सार्वजनिक सेवा)

सार्वजनिक सेवेतील घटक एकमेकांवर कसा परिणाम करतात ते तपासून तिची आखणी आणि मूल्यमापन करण्याची पद्धत. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत अभियंता जे फॉरेस्टर यांनी 1956 पासून साठा, प्रवाह, विलंब आणि फीडबॅक (परिणाम फिरून मूळ कारणावर येणे) यांची गणिती मांडणी विकसित केली. पुढे ती शहरांच्या प्रश्नांनाही लावली गेली.

पुण्याच्या पाणीपुरवठ्यात तिची गरज ठळक दिसते. पाणी ठरावीक तासच येते, म्हणून सोसायट्या जमिनीखाली टाक्या बांधतात. पाणी सुटले की टाक्या एकदम भरू लागतात, काही जण नळाला थेट मोटार लावतात आणि जलवाहिनीतला दाब पडतो. शेवटच्या टोकाला करंगळीएवढी धार उरते. तिथून तक्रार आली की व्हॉल्व्हमन वेळ वाढवून देतो. ती दुसऱ्या भागाच्या वाट्यातून जाते आणि तिथेही टाक्या मोठ्या होतात. पुरवठा बंद असताना गळक्या सांध्यांतून सांडपाणी आत शिरू शकते, हा यातला सर्वांत गंभीर धोका. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणानेच वागत असतो. त्यामुळे नुसत्या मोटारी जप्त करून भागत नाही.

आखणीत आधी सीमा ठरवावी. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट) साठा. त्यावर कालव्याने दौंड-इंदापूरची शेतीही अवलंबून आहे. 1 टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर, वर्षभर रोज पावणेआठ कोटी. म्हणून मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याची विहीर) शेतीसाठी कालव्यात सोडायचे प्रक्रिया केलेले सांडपाणीही आराखड्यात हवे. सांडपाणी प्रकल्प कमी चालला, तर शेतीला धरणाचे पाणी जास्त लागते आणि वाद धरणाच्या कोट्यावर येतो.

मूल्यमापनात टाकीतून किती लिटर सोडले, या आकड्यावर विसंबणे ही नेहमीची चूक. दाब शेवटच्या नळजोडाशी मोजावा. 1999च्या केंद्रीय नियमावलीत एकमजली घरासाठी निकष 7 मीटर होता, म्हणजे पाणी तेवढे उंच चढेल इतका दाब. पहाटे 2 ते 4चा प्रवाह गळतीचा अंदाज देतो, पण पुरवठा चोवीस तास असेल तरच. नाहीतर भरणाऱ्या टाक्याच गळतीसारख्या दिसतात.

विलंब तर हमखास विसरला जातो. समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे 141 विभाग पाडून मीटर बसवण्याची आखणी झाली. नवी वाहिनी सुरू झाली तरी भरवसा बसेपर्यंत घरे साठवतच राहतात आणि सकाळी ‘शिळे’ पाणी ओतून देतात. पहिल्या महिन्याच्या वापरावरून विभाग फसला असे ठरवू नये. निदान एक उन्हाळा जाऊ द्यावा.