कडेची जाळीदार नक्षी कशासाठी?

प्रमाणपत्रं किंवा कूपनं छापायला देताना बरेच ग्राहक विचारतात, "ही जाळी हवीच का? साधी चौकट नाही चालणार?" चालेल, पण साधी चौकट कोणीही काढू शकतं. हा धडा आमच्या धंद्याला नोटांनी दिला.

१७९७ साली बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि एक व दोन पौंडांच्या नोटा काढल्या. त्यांची छपाई इतकी साधी होती की बऱ्यापैकी हात असलेल्या खोदकाम करणाऱ्याला नक्कल सहज जमायची. १८२१ पर्यंत खोट्या नोटांपायी तीनशेहून अधिक माणसं फासावर गेली. आमच्या मते त्यात नोटेचाही दोष होता.

याच काळात अमेरिकेत आसा स्पेन्सर यांचा भौमितिक लेथ, म्हणजे फिरत्या चाकांनी नक्षी कोरणारं यंत्र, नोटांच्या कामाला आला. घड्याळाच्या झाकणावर नक्षी कोरणाऱ्या यंत्राचाच हा पुढचा अवतार. चाकं कशी जोडली, त्यावर नक्षी ठरते. ती जोडणी माहीत नसेल तर हाताने तशीच रेघ उमटवणं जवळजवळ अशक्य. अमेरिकन संशोधक जेकब पर्किन्स यांनी पोलादी ठसे आणले आणि एकच नक्षी हजारो वेळा हुबेहूब छापता येऊ लागली. १८४० च्या 'पेनी ब्लॅक' या पहिल्या टपाल तिकिटावर राणीच्या चेहऱ्यामागे अशीच यंत्राने कोरलेली नक्षी आहे.

आता आमचं एखादं प्रमाणपत्र भिंगाखाली धरा. एक रेघ निवडा आणि नजरेने तिच्या मागे जा. ती वळते, दुसरीला छेदते, पुन्हा बाहेर पडते, पण कुठेही तुटत नाही. झेरॉक्स किंवा स्कॅन केलेल्या प्रतीत तीच रेघ ठिपक्यांची होते आणि छेदाच्या जागी शाई गच्च बसते. कधी मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आल्यासारख्या लाटाही दिसतात, कारण स्कॅनरची स्वतःची जाळी नक्षीच्या जाळीशी जुळत नाही.

एक खुलासा. नोटेवरची शाई बोटाला उंच लागते, कारण खोदलेल्या ठशातली शाई कागद प्रचंड दाबाखाली उचलतो. आमची छपाई ऑफसेटची, म्हणजे सपाट प्लेटवरून होणारी आहे, त्यामुळे तो उठाव आमच्या कागदावर शोधू नका, रेघच बघा.

नक्षीची मूळ फाइल आम्ही ईमेलवर कोणालाच देत नाही, खुद्द ग्राहकालाही नाही. कृपया मागू नये.