किनाऱ्यावरच्या उकाड्यात तान्ह्या बाळाला पाणी पाजावे का?

तान्ह्या बाळाला घेऊन गुहागर, गणपतीपुळे किंवा तारकर्लीला सुट्टीसाठी निघालेल्या आईवडिलांना घरातील वडीलधारी मंडळी हमखास सांगतात, की किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात नुसते दूध पुरत नाही, म्हणून बाळाला अधूनमधून पाणी किंवा शहाळ्याचे पाणी पाजावे. या सल्ल्यामागची माया खरी असली, तरी सहा महिन्यांच्या आतील बाळासाठी तो चुकीचा आणि प्रसंगी धोक्याचा आहे.

आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते, आणि पहिले ६ महिने केवळ आईचे दूधच द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस उष्ण प्रदेशांनाही लागू आहे. इतक्या लहान बाळाची मूत्रपिंडे जादा पाणी लवकर बाहेर टाकू शकत नाहीत. त्यामुळे रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते, आणि ते फार घटल्यास बाळाला झटके येऊ शकतात. शिवाय इवलेसे पोट पाण्याने भरले, की दूध कमी प्यायले जाते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असल्याने या वयात तेही नकोच.

उकाड्यात बाळाला अधिक वेळा अंगावर पाजावे. शहाळ्याची खरी गरज असते ती आईला. पावडरीचे दूध देत असल्यास ते ठरलेल्या प्रमाणापेक्षा पातळ करू नये. लघवी कमी झाली, बाळ सुस्त पडले किंवा टाळू खोल गेली, तर घरगुती उपाय न करता त्याला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.