मालिकेचा मागचा ट्रॅक

मागचा ट्रॅक म्हणजे वर्षानुवर्षं चालणाऱ्या टीव्ही मालिकेत आधी काय काय होऊन गेलं याची प्रेक्षकांनी आपापसात केलेली उजळणी, आणि खरं सांगायचं तर उजळणी कमी, वादच जास्त. ट्रॅक हा शब्द मूळचा लेखक आणि चॅनेलवाल्यांचा, मोठ्या गोष्टीतला एक तुकडा, उदाहरणार्थ अपहरणाचा ट्रॅक, स्मृती जाण्याचा ट्रॅक, सासूला अटक होते तो ट्रॅक. पण आता हा शब्द घरोघरी झालाय, भाजी निवडता निवडता काकू सहज म्हणतात की तो कोर्टाचा ट्रॅक बरा होता, त्यानंतर मालिका भरकटली. 'भरकटली' हा या चर्चेतला दुसरा महत्त्वाचा शब्द. तिसरा म्हणजे 'पाणी घालणं'.

या चर्चेत कोणाचं ऐकायचं याचे अलिखित नियम असतात. "मी पहिल्या एपिसोडपासून बघतेय" असं जी म्हणू शकते तिचा शब्द शेवटचा. मधूनच बघायला लागलेलीला प्रश्न विचारायची परवानगी असते, मत द्यायची नसते. आणि एक वर्ग असतो तो म्हणजे "मी कुठे बघतो, ही लावते म्हणून कानावर पडतं" म्हणणाऱ्या काकांचा, यांना सगळं पाठ असतं, अगदी कोणत्या नातेवाइकाने कोणत्या कागदावर सही केली होती तेसुद्धा.

असं का होतं

आकडेमोड करून बघा. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला तीनशेच्या वर जातात. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधे जाहिराती काढून साधारण २२ मिनिटं गोष्ट राहते. पाच वर्षं चाललेल्या मालिकेचे १५०० भाग धरले तर झाले ५५० तास. एवढी लांब गोष्ट कोणी एक माणूस लिहीत नाही, कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि पाच वर्षांत यातली निम्मी माणसं बदलतात. दर गुरुवारी टीआरपी येतो, तो पडला की चाललेला ट्रॅक गुंडाळायचा आणि नवा आणायचा. त्या गुंडाळण्यात कोणाचा तरी भाऊ शिकायला बाहेरगावी जातो तो परत येतच नाही, त्याचं नावसुद्धा कोणी काढत नाही, दिवाळीला नाही, बहिणीच्या लग्नाला नाही. लेखकाच्या टेबलावरून तो गेला, पण बघणारीच्या डोक्यातून गेलेला नसतो, कारण तिने ती गोष्ट रोज रात्री जेवणाच्या ताटासमोर ऐकलेली असते. मालिकेची स्मरणशक्ती मालिकेत नसते, ती समोर सोफ्यावर बसलेली असते, हे या सगळ्या प्रकाराचं मूळ आहे असं मला वाटतं.

मराठीतली सुरुवात

दूरदर्शनवर 'दामिनी' होती, प्रतीक्षा लोणकर त्यात पत्रकार होती, आणि त्या वेळच्या बायका तिच्याबद्दल आजही शेजारच्या मुलीबद्दल बोलावं तशा बोलतात. १९९९ ला अल्फा टीव्ही मराठी आलं (तेच २००५ ला झी मराठी झालं) आणि 'आभाळमाया' सुरू झाली, सुकन्या कुलकर्णीची सुधा जोशी आणि मनोज जोशींचा शरद. शरदने सुधाशी जे केलं ते माफ करण्यासारखं होतं की नव्हतं यावर पंचवीस वर्षांनी पण घरात दोन तट पडतात.

पण लांबीत सगळ्यांचा बाप म्हणजे ईटीव्ही मराठीची 'चार दिवस सासूचे'. २००१ ला सुरू झाली आणि जानेवारी २०१३ ला संपली, तीन हजारांहून जास्त भाग. रोहिणी हट्टंगडींची सासू आशाताई देशमुख आणि कविता लाड यांची सून अनुराधा. नावात चार दिवस आणि चालली अकरा वर्षं, हा विनोद त्या अकराही वर्षांत रोज कोणीतरी नव्याने केला. या मालिकेचा मागचा ट्रॅक अख्खा माहीत असणारी माणसं फार थोडी, आणि जे आहेत ते तुकड्यातुकड्यांनी आहेत, म्हणजे एकीला पहिली चार वर्षं माहीत कारण नंतर तिचं लग्न होऊन सासरी दुसरं चॅनेल लागायचं, दुसरीला नंतरची माहीत. दोघी एकत्र बसल्या की मालिका पूर्ण होते.

गंमत अशी की त्याच रोहिणी हट्टंगडी पुढे 'होणार सून मी ह्या घरची' मधे आजी झाल्या आणि त्याच कविता लाड २०२३ ला सुरू झालेल्या 'तुला शिकवीन चांगलाच धडा' मधे भुवनेश्वरी नावाची सुनेला छळणारी सासू. जुन्या प्रेक्षकांना हे काही केल्या पचेना. अनुराधेने इतकं सोसलं आणि आता तीच सुनेला छळते म्हणजे काय, असा प्रश्न लोक खरोखर विचारायचे, दोन वेगळ्या मालिका आहेत हे माहीत असून.

चेहरे बदलतात तेव्हा

सगळ्यात जास्त बोललं जातं ते यावर. कलाकार मालिका सोडतो, पात्र मात्र चालू राहतं, आणि एका सोमवारी तीच व्यक्ती वेगळ्या तोंडाने दारातून आत येते आणि घरातल्या कोणालाही काही वाटत नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको' (२०१६ ते २०२१) मधली शनाया आधी रसिका सुनील होती, २०१८ मधे ती गेली आणि ईशा केसकर आली, आणि २०२० मधे पुन्हा रसिका सुनील. त्यामुळे चाहत्यांना काळ मोजायला एक सोय झाली, म्हणजे अमुक भांडण कधी झालं तर "पहिल्या शनायाच्या वेळी", "ईशा असताना", "ती परत आल्यावर". इसवी सन कोणी सांगत नाही. 'आई कुठे काय करते' मधे पण तसंच, संजना सुरुवातीला दीपाली पानसरे होती हे आज कित्येकांच्या लक्षातही नाही कारण रूपाली भोसलेने ती २०२० नंतर इतकी ताब्यात घेतली की आधीची पुसली गेली. म्हणजे बदल पचतो की नाही हे चेहऱ्यावर नसतं, आधीच्या बाईने किती मुळं धरली होती त्यावर असतं.

'तुझ्यात जीव रंगला' मधल्या वहिनीसाहेबांच्या बाबतीत तर कोल्हापूरकडच्या लोकांनी निकालच देऊन टाकला होता. धनश्री काडगावकरची नंदिता २०२० मधे माधुरी पवारकडे गेली. नवीन बाईने काम चांगलं केलं का, केलं, पण "वहिनीसाहेब म्हणजे ती" हे वाक्य काही हललं नाही. त्याच मालिकेत त्याआधी नायक राणादा मेला असं दाखवून तोच चेहरा राजा राजगोंडा म्हणून परत आणला होता. तेव्हा चेहरा एक आणि माणूस दुसरा, नंदिताच्या वेळी माणूस एक आणि चेहरा दुसरा. हे दोन्ही एकाच मालिकेत झालं त्यामुळे राणादाच्या बायकोने, अंजलीबाईंनी, नक्की कशावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न रास्त आहे.

काळ, वय आणि जान्हवीचं बाळ

मालिकेतला काळ आपल्या काळासारखा चालत नाही. एक हळदीचा कार्यक्रम दोन आठवडे चालतो आणि मग लीप येतो आणि सात वर्षं एका जाहिरातीत निघून जातात. 'होणार सून मी ह्या घरची' (२०१३ ते २०१६) मधलं जान्हवीचं गरोदरपण हे याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. ते इतकं लांबलं की लोक महिने मोजायला लागले, नऊ झाले, दहा झाले, आणि पुढे मोजणं सोडून विनोद सुरू झाले. व्हॉट्सअ‍ॅप तेव्हा घरोघरी नवं नवं पोचलं होतं, त्यामुळे जान्हवीचे विनोद हे कित्येक आजी-आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा फॉरवर्ड केलेले मेसेज असणार. तेजश्री प्रधान आणि शशांक केतकर यांची ही मालिका एरवी फार प्रेमाने बघितली गेली, नायक श्रीच्या सहा आयांची नावं आजही ओळीने सांगणारे लोक आहेत, पण विषय निघाला की पहिला बाळाचाच निघतो.

दुसरं असंच 'रंग माझा वेगळा' (२०१९ ते २०२३) चं. नायक कार्तिक स्वतः डॉक्टर, मुली आपल्या नाहीत असा संशय, आणि डीएनए टेस्ट करायची सोडून वर्षानुवर्षं गैरसमज. "अरे टेस्ट कर" हे महाराष्ट्राने टीव्हीकडे बघून जितक्या वेळा म्हटलं असेल तितकं दुसरं काही म्हटलं नसेल. लेखकाला हे सुचलं नसेल असं नाही, सुचलेलंच असणार, पण टेस्ट झाली की मालिका संपली.

अण्णा नाईकांची भानगड

'रात्रीस खेळ चाले' वेगळ्या कारणाने महत्त्वाची. २०१६ ला पहिला भाग (म्हणजे एपिसोड नाही, अख्खं पहिलं पर्व) आला तेव्हा कोकणातल्या आकेरीच्या नाईकवाड्यात सुरुवातीलाच अण्णांचा मृत्यू होतो आणि पुढचं सगळं त्याच्या मागे. मग २०१९ ला दुसरा भाग आला तो मागे गेला, अण्णा जिवंत, माधव अभ्यंकर, शेवंता म्हणून अपूर्वा नेमळेकर, आणि प्रेक्षकांना शेवट आधीच माहीत. इथे चर्चेची दिशाच उलटी झाली. एरवी लोक पुढे काय होणार यावर बोलतात, इथे लोक पहिल्या भागात काय सांगितलं होतं ते आठवून दुसऱ्याला तपासायला लागले, हा तेव्हा इतक्या वर्षांचा होता तर मग आता एवढासा कसा, ही गोष्ट घरच्यांना तेव्हाच कळली तर पहिल्या भागात दचकले कशाला. मालवणी बोलणारे तर भाषेवरूनच धरायचे. २०२१ ला तिसरा भाग आला आणि त्यात मधेच शेवंता बदलली, कृतिका तुळसकर आली, म्हणजे भूत झालेल्या बाईचाही चेहरा बदलला. यावर सावंतवाडीकडच्या एका ओळखीच्या आजींचं म्हणणं होतं की भुताला काय, ते कसंही दिसेल. मला तरी यापेक्षा चांगला खुलासा कुठे मिळालेला नाही.

हिंदीतून आलेलं

मराठी घरात ही सवय लागली त्यात 'क्योंकि सास भी कभी बहू थी' चा वाटा मोठा. ३ जुलै २००० ला सुरू, नोव्हेंबर २००८ ला बंद, १८०० च्या वर भाग. नायक मिहिर मेला तेव्हा लोकांनी जो गहजब केला त्यामुळे त्याला परत आणावं लागलं, म्हणजे प्रेक्षकांच्या चर्चेने गोष्ट बदलली त्याचं हे ठळक उदाहरण. मिहिर तीन झाले, अमर उपाध्याय, इंदर कुमार, रोनित रॉय. त्याची बायको तुळशी मधे काही काळ गौतमी कपूर होती. तुळशीने स्वतःच्या मुलाला, अंशला, गोळी घातली आणि मग त्याच चेहऱ्याचा एकलव्य आला. आणि बा, म्हणजे घरातली सगळ्यात म्हातारी आजी. पिढ्या गेल्या, लीप आले, बा मात्र जशाच्या तशा, त्यांचं वय किती असेल याची बेरीज करणं हा एक वेगळाच खेळ होता आणि ती बेरीज कधी कोणाची जुळली नाही.

बाहेर पण हेच

ही काही आपलीच खोड नाही. अमेरिकेतली 'गायडिंग लाइट' १९३७ ला रेडिओवर सुरू झाली, १९५२ ला टीव्हीवर आली आणि २००९ ला संपली, ७२ वर्षं, त्यामुळे तिच्यात आजीने ऐकलेला ट्रॅक नातीने तपासायची सोय होती. तिकडे मुलं शाळेच्या दप्तरासकट जिना चढून वर जातात आणि खाली येताना लग्नाच्या वयाची होऊन येतात, याला चाहत्यांनी एखाद्या आजाराला ठेवावं तसं नावच ठेवलंय, सोरास (सोप ऑपेरा रॅपिड एजिंग सिंड्रोम). 'डॅलस' ने तर कहर केला, बॉबी मेला होता, कलाकाराला परत आणायचं होतं, तर १९८६ मधे तो अंघोळ करताना दिसला आणि मागचा अख्खा सीझन बायकोचं स्वप्न होतं असं सांगून टाकलं. एक वर्ष लोकांनी जे बघितलं, रडले, ते सगळं झालंच नव्हतं. आपल्याकडे स्वप्न एका एपिसोडपुरतं असतं, प्रोमोत लग्न मोडताना दाखवतात आणि ते स्वप्न निघतं, तेवढ्यावरच आपली माणसं चॅनेलला शिव्या देतात. इंग्लंडच्या 'कोरोनेशन स्ट्रीट' मधे उलट प्रकार, डिसेंबर १९६० च्या पहिल्या भागातला केन बार्लो विल्यम रोचनेच पुढची साठहून जास्त वर्षं केला, चेहरा बदलायचा प्रश्नच आला नाही.

लॉकडाउनचं छिद्र

मार्च २०२० ला शूटिंग थांबलं आणि जून-जुलैला परत सुरू झालं, मधे रिपीट. मग एप्रिल २०२१ ला महाराष्ट्रात पुन्हा बंद झालं तेव्हा कित्येक युनिट गोव्याला गेली, मे मधे गोव्याने पण परवानगी काढून घेतली, मग अजून कुठे कुठे. पडद्यावर याचा परिणाम असा की एकाच महिन्यात निम्म्या महाराष्ट्रातली कुटुंबं अचानक फार्महाऊसवर किंवा रिसॉर्टवर राहायला गेली, कोणी पूजेसाठी, कोणी हवापालटासाठी, कोणी लपायला. मागचा ट्रॅक सांगताना हे दिवस लगेच ओळखू येतात, कारण त्या भागांत घराचा ओळखीचा जिना नाही, देवघर नाही, आणि म्हातारी पात्रं फक्त फोनवर बोलतात.

नोंदी कोण ठेवतं

अलीकडच्या मालिका अ‍ॅपवर मिळतात त्यामुळे वाद झाला की लोक सरळ तो भाग काढून दाखवतात, आणि वाद तिथेच मरतो. जुन्यांचं तसं नाही, सगळे भाग हाताशी नाहीत, मग जे आठवतं तेच खरं. आमच्या घरात 'वादळवाट' मधला एक प्रसंग आई एक सांगते आणि मावशी दुसराच, दोघींनी एकाच खोलीत, एकाच टीव्हीवर, शेजारी बसून तो बघितला होता. गेल्या गणपतीत तो विषय परत निघाला. मावशी म्हणाली, तू तेव्हा कुकर बंद करायला उठली होतीस. आई म्हणाली, कुकर नव्हताच त्या दिवशी, चतुर्थी होती.