अभिक्रियाशील पृष्ठसक्रियक

साबणाच्या रेणूप्रमाणे एक जलस्नेही टोक आणि एक जलविरोधी शेपटी असलेला, शिवाय बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) साखळीत सहसंयुज बंधाने गुंफला जाईल असा गट अंगी बाळगणारा पदार्थ. पायस बहुवारिकीकरणाने, म्हणजे उद्योगात ज्याला इमल्शन पॉलिमरायझेशन म्हणतात त्या पद्धतीने, लॅटेक्स (बहुवारिकाचे सूक्ष्म कण पसरलेले पाणी) तयार करताना नेहमीच्या पृष्ठसक्रियकाऐवजी किंवा त्याच्या जोडीने हा वापरतात. नेहमीचा पृष्ठसक्रियक कणाच्या पृष्ठभागाला नुसता चिकटून असतो आणि सुटू शकतो. हा कणाचाच भाग होतो.

पायस बहुवारिकीकरणात पाणी, पाण्यात फारसे न विरघळणारे एकवारिक, म्हणजे जोडले जाऊन साखळी बनवणारे रेणू (स्टायरीन, ब्यूटिल ॲक्रिलेट, व्हिनिल ॲसिटेट इत्यादी), पृष्ठसक्रियक आणि अभिक्रिया सुरू करून देणारा, पाण्यात विरघळणारा आरंभक, बहुधा पोटॅशियम किंवा अमोनियम परसल्फेट, ढवळत तापवतात. पृष्ठसक्रियकाचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की त्याचे रेणू एकत्र येऊन मिसेल बनतात. सोडियम डोडेसिल सल्फेटसाठी २५° से.ला ही मर्यादा लिटरमागे सुमारे ८ मिलिमोल, म्हणजे सव्वादोन-अडीच ग्रॅम आहे. बहुवारिकीकरण एकवारिकाच्या थेंबांत न होता मुख्यतः या मिसेलमध्ये सुरू होते, हे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्यम हार्किन्स यांनी १९४७ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी स्मिथ आणि एवर्ट यांनी त्याला गणिती रूप दिले: आदर्श परिस्थितीत कणांची संख्या पृष्ठसक्रियकाच्या प्रमाणाच्या ०.६ घाताने वाढते. पृष्ठसक्रियकाकडे अशी दोन कामे असतात. आधी कण जन्माला घालायचे, मग ते एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. दुसरे काम किती मोठे आहे ते साध्या हिशेबाने कळते. एक किलो बहुवारिकाचे १०० नॅनोमीटर व्यासाचे कण केले, तर त्यांचे एकूण पृष्ठफळ ५०,००० चौ. मी.हून अधिक, म्हणजे बारा-तेरा एकर भरते.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुळली ती दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेच्या कृत्रिम रबर कार्यक्रमात. तिथल्या प्रमाण कृतीत ७५ भाग ब्यूटाडाइन आणि २५ भाग स्टायरीनला ५ भाग साबण लागे. एवढा साबण असूनही तक्रार नव्हती, कारण लॅटेक्स पुढे आम्ल आणि मीठ घालून साकळवत. साबणाचे मेदाम्ल होई आणि ते रबराच्या व्हल्कनीकरणात उपयोगीच पडे. अडचण सुरू झाली ती लॅटेक्स साकळवून वेगळे न करता जसेच्या तसे वापरात आल्यावर: भिंतीचे रंग, लाकडावरची वॉर्निशे, कागदाचे लेप, लेबलांची चिकटद्रव्ये. त्यांत घातलेला पृष्ठसक्रियक बाहेर पडायला वाटच नसते.

पाणी उडून गेले की कण जवळ येतात, दाबले जातात आणि त्यांच्या साखळ्या एकमेकींत शिरून सलग पटल तयार होते. सुटा पृष्ठसक्रियक या पटलात गप्प बसत नाही. काही रेणू हवेकडच्या पृष्ठभागावर येतात, काही खालच्या पृष्ठभागाशी जमून चिकटणे कमजोर करतात, काहींचे कणांमध्ये छोटे साठे होतात. काचेवर ओढलेले असे स्वच्छ पारदर्शक पटल पाण्यात ठेवून पाहावे. थोड्या वेळाने त्याला निळसर झाक येते, मग ते दुधाळ होते. जलस्नेही साठ्यांत पाणी भरून ते प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळ जाण्याइतके फुगतात आणि प्रकाश विखुरतात. पटल वाळवले की पारदर्शकता बहुतेक परत येते. बर्फाच्या पाण्यात ठेवलेल्या बाटलीचे पारदर्शक लेबल पांढुरके होते त्यामागेही बहुधा हेच कारण असते. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर रंगवलेल्या भिंतीवर, रंग नीट सुकण्याआधी दमट हवा किंवा रिमझिम लागली, तर चिकट, चकचकीत, कधी तपकिरी ओघळ उतरतात. त्यांत रंगातले इतर विद्राव्य घटकही असतात, पण पृष्ठसक्रियकाचा वाटा मोठा असतो.

उपाय म्हणून पृष्ठसक्रियकालाच साखळीत बांधण्याचे तीन मार्ग निघाले. आरंभकाचे काम करणारा पृष्ठसक्रियक म्हणजे इनिसर्फ. त्याचे विघटन होताच दोन मुक्त मूलके (साखळी सुरू करणारे अतिक्रियाशील अणुगट) शेजारी-शेजारीच जन्मतात आणि पुष्कळदा एकमेकांशीच जुळून वाया जातात. साखळी-स्थानांतरण करणारा, म्हणजे वाढती साखळी थांबवून नवी सुरू करणारा, तो ट्रान्ससर्फ. त्याच्या टोकाला सहसा थायॉल (गंधक-हायड्रोजन) गट असतो, त्यामुळे बहुवारिकाचा रेणुभार घटतो. तिसरा सर्फमर. याच्यात दुहेरी बंध असतो आणि तो एकवारिकाप्रमाणे सहबहुवारिकीकरणात भाग घेतो. व्यवहारात टिकला तो मुख्यतः हाच. सोडियम स्टायरीन सल्फोनेट आणि सोडियम व्हिनिल सल्फोनेट यांची गणना कधी कधी याच गटात केली जाते, ती नेमकी नाही. त्यांना लांब जलविरोधी शेपटी नसल्यामुळे ते मिसेल बनवत नाहीत. ते आयनी सहएकवारिक आहेत.

सर्फमर निवडताना पहिला विचार असा येतो की दुहेरी बंध जितका तत्पर तितका बरा. प्रत्यक्षात उलट आहे, आणि या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच म्हणावा लागेल. कण सतत वाढत असतो. सुरुवातीलाच साखळीत बांधला गेलेला सर्फमर पुढे येणाऱ्या बहुवारिकाखाली गाडला जातो. नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि लॅटेक्समध्ये गुठळ्या होतात. पाण्याच्या प्रावस्थेत तो भराभर जुळला, तर पाण्यात विरघळणारी आयनी बहुवारिके बनतात आणि ती कणांना आधार देण्याऐवजी कधी त्यांना पुलासारखी जोडून साकळवतात. म्हणून सर्फमरने बराच काळ सुटे राहून, पृष्ठभागावर हिंडत, नव्या कणांना आवरण द्यावे आणि मुख्य एकवारिक संपत आल्यावर झपाट्याने बांधले जावे, ही आदर्श चाल. १९९०च्या दशकात संशोधक फ्रान्सचे गियो, जर्मनीचे ताउअर, स्पेनचे आसुआ आणि त्यांच्यासोबत काम केलेले स्खूनब्रूड यांनी या क्षेत्राची शिस्तशीर मांडणी केली. अभिक्रियेच्या सुरुवातीला सर्फमरचे रूपांतर कमी आणि शेवटी जास्त असावे, हे सूत्र त्या कामातून पक्के झाले. एकवारिक हळूहळू ओतत जाणाऱ्या अर्धखंडी पद्धतीत सर्फमरचा काही भाग उशिरा घालूनही हे साधता येते.

दुहेरी बंधाचा प्रकार या वेळापत्रकावर ठरतो. मेथॅक्रिलेट आणि स्टायरीन गट फार घाईचे. मॅलिएट गट स्वतःशी जवळजवळ जुळत नाही, म्हणून पाण्यात त्याची बहुवारिके बनण्याचा धोका कमी. व्हिनिल ॲसिटेट आणि स्टायरीनशी मात्र तो चांगला जुळतो. ॲक्रिलेट आणि मेथॅक्रिलेट यांच्याबरोबर तो मागे राहतो, आणि त्याचे एस्टर बंध आम्लारी माध्यमात हळूहळू तुटू शकतात. ॲलिल गट शांत, पण त्याच्या शेजारचा हायड्रोजन काढून घेतला गेला की बनणारे मूलक इतके स्थिर असते की साखळी पुढे सरकेनाशी होते, अभिक्रिया मंदावते. तरीही ॲलिलॉक्सी आणि प्रोपेनिल गटांवर आधारलेले सल्फेट बाजारात रुळले. त्यांत जपानी उत्पादकांचा वाटा ठळक आहे: दाइ-इची कोग्यो सेयाकुचे हायटेनॉल, आदेकाचे रीआसोप, काओचे लाटेमुल. आधीच्या काही उत्पादनांत नॉनिलफेनॉलचा सांगाडा होता. युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशाने नॉनिलफेनॉल आणि त्याच्या एथॉक्सिलेटांवर अनेक उपयोगांसाठी ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, त्यानंतर अल्किलफेनॉलविरहित (नॉनिलफेनॉल याच वर्गातले) प्रकारांकडे कल वाढला.

सर्फमर किती बांधला गेला हे लॅटेक्स सेंट्रिफ्यूज करून वरचे पाणी तपासून, डायलिसिस करून किंवा वाळलेल्या पटलातून सुटा भाग विद्रावकाने विरघळवून बाहेर काढून मोजतात. पूर्ण शंभर टक्के बांधणी क्वचितच मिळते. बांधणी चांगली झाली, की पटलाचा पाणीरोध सुधारतो, शिवाय फेसही कमी होतो, ढवळताना आणि पंपातून जाताना लॅटेक्स जास्त टिकते, कॅल्शियमसारख्या क्षारांनी लवकर साकळत नाही. सुटा पृष्ठसक्रियक अशा वेळी पृष्ठभाग सोडून जाऊ शकतो, बांधलेला नाही.

बांधल्याने जलस्नेही टोक मात्र नाहीसे होत नाही. ते कणांच्या सीमेवरच राहते, आणि कणांच्या सीमा पटलात जाळीसारख्या टिकल्या तर त्या जाळीतून पाणी शिरतेच. म्हणून सर्फमर जास्त घातला तर पाणीरोध सुधारण्याऐवजी बिघडू शकतो. सर्फमर नेहमीच्या पृष्ठसक्रियकापेक्षा बराच महाग पडतो. साध्या आतल्या भिंतीच्या रंगात किंवा पॉलिव्हिनिल अल्कोहोलच्या आधाराने बनणाऱ्या सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदात त्याचा उपयोग फारसा परवडत नाही. बाहेरच्या भिंतींचे आणि धातूवरचे पाण्यावर आधारलेले लेप, लाकडावरची पारदर्शक वॉर्निशे आणि दाबाने चिकटणारी लेबले ही त्याची खरी क्षेत्रे आहेत.