भरती, भराव आणि ताशी 25 मिलिमीटर

मुंबईत पाणी तुंबलं की महापालिकेचं ठरलेलं स्पष्टीकरण येतं: पाऊस जोराचा झाला आणि नेमकी तेव्हाच समुद्राला भरती होती. हे खोटं नाही. पण जोराचा पाऊस म्हणजे किती, हे शहरातल्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्यांनी इंग्रजांच्या काळातच ठरवून टाकलं होतं. तासाला 25 मिलिमीटर, तेही ओहोटी असताना.

या आकड्याच्या पोटात आणखी एक गृहीतक होतं. पडलेल्या पावसातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल किंवा कुठेतरी साचून राहील, उरलेलं निम्मंच वाहिनीत येईल, असा हिशेब होता. त्या काळी तो चुकीचा नव्हता. शहरात मोकळी जमीन होती, तळी होती, वाड्या होत्या. म्हणजे एका चौरस किलोमीटरवर तासाभरात 25 मिमी पाऊस पडला, तर वाहिनीला सव्वा कोटी लिटर पाणी वाहून न्यायचं होतं. पुढे जमिनीवर डांबर, काँक्रीट आणि फरश्या चढल्या, मुरायला जागा उरली नाही आणि पाऊस तेवढाच पडला तरी वाहिनीवरचा भार दुप्पट झाला. वाहिन्या मात्र त्याच.

जमिनीची गोष्ट त्याहून जुनी. सात बेटं जोडून झालेलं हे शहर आहे हे शाळेत सगळेच शिकतात. पण जोडलं म्हणजे काय केलं, ते सहसा कोणी सांगत नाही. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी थेट आत, भायखळ्याच्या दिशेने शिरायचं. अठराव्या शतकाच्या शेवटी, गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, तिथे बांध घालण्यात आला. काम पुनःपुन्हा ढासळत होतं, मग समुद्रात देवीच्या मूर्ती सापडल्या आणि बांध टिकला, अशी महालक्ष्मी मंदिराची आख्यायिका सांगते. बांधाने समुद्र अडवला. पण आतली जमीन होती तेवढीच खोल राहिली आणि पावसाचं पाणी बाहेर जायचा सोपा रस्ता बंद झाला. ताडदेव, कामाठीपुरा, भायखळा या पट्ट्यात पुढची शंभर वर्षं भराव पडत राहिला, तरी मोठ्या भरतीच्या पातळीच्या वर तो सगळा भाग आला नाही. समुद्राकडे जाणाऱ्या वाहिन्यांची बहुतेक पातमुखं, म्हणजे समुद्रात उघडणारी तोंडं, हीही त्या पातळीच्या खालीच आहेत. भरतीला समुद्राचं पाणी वाहिनीत उलटं शिरतं, आणि ज्या पातमुखाला झडप आहे ते बंद केलं की आतलं पाणी आतच अडकतं.

उपनगरांचं पाणी वेगळ्या वाटेने जात होतं. तिथे नाले होते, ओढे होते, भातखाचरं होती आणि खाडीच्या कडेने खाजणं व मिठागरं. विहार तलाव 1860 च्या सुमारास पूर्ण झाला, पवई त्यानंतर तीसेक वर्षांनी. या दोन तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी जवळपास 18 किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. उपनगरं 1950 आणि 1957 मध्ये महापालिकेत आली, लोकवस्ती धडाधड वाढली, नाल्यांच्या काठाने झोपड्याही उभ्या राहिल्या आणि इमारतीही. झोपड्यांचं नाव लगेच घेतलं जातं. पण मिठीच्या मुखाजवळच्या दलदलीवर भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभारलं ते सरकारी प्राधिकरणाने, आणि विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदीला काटकोनात वळवलं तेही सरकारी यंत्रणेनेच.

1985 च्या पावसाळ्यात शहर बुडालं तेव्हा पहिल्यांदा सगळ्या व्यवस्थेचा एकत्र अभ्यास करायचं ठरलं. वॉटसन हॉक्सली या सल्लागार कंपनीने 1993 मध्ये अहवाल दिला. बृहन्मुंबई स्टॉर्म वॉटर डिस्पोजल सिस्टिम, म्हणजेच ब्रिमस्टोवॅड. अपेक्षित खर्च होता 616 कोटी रुपये. अहवालाने ताशी 25 ऐवजी 50 मिमी ही क्षमता धरली आणि पाणी मुरण्याची आशा सोडून दिली. पडेल तेवढं सगळं वाहिनीत येईल असं मानलं. दोन्ही बदल एकत्र घेतले तर एका चौरस किलोमीटरमागे तासाला पाच कोटी लिटर. आकडा दुप्पट झाला असं छापून येतं, भार चौपट आहे.

आणखी एक गोष्ट या अहवालात स्पष्ट होती. वर्षातून दोनदा ही क्षमता ओलांडली जाईल, हे मान्य करूनच आराखडा केला होता. म्हणजे सगळी कामं वेळेत आणि चोख झाली असती, तरी वर्षाकाठी एकदोनदा पाणी भरणारच होतं. गेल्या तीस वर्षांत ‘यंदा पाणी तुंबणार नाही’ अशी ग्वाही देणाऱ्या एकाही नेत्याने हा भाग वाचला असावा असं वाटत नाही.

अहवाल बारा वर्षं पडून राहिला. थोडी कामं झाली, बाकी पैशांअभावी रेंगाळली.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझ वेधशाळेत 24 तासांत 944 मिमी पाऊस नोंदला गेला. त्यातल्या एका तासात तर 190 मिमीच्या आसपास. दुपारी मोठी भरती होती. त्याच दिवशी कुलाब्यात 75 मिमीही पाऊस नव्हता. दक्षिण मुंबईत बसलेल्या यंत्रणेला उपनगरात काय चाललंय हे कळायला म्हणूनच उशीर झाला. शहरात चारशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर नेमलेल्या डॉ. माधवराव चितळे समितीचा अहवाल 2006 मध्ये आला. दोन वेधशाळांवर एवढं मोठं शहर चालवता येणार नाही हा धडा तेव्हा मिळाला. पालिकेने अग्निशमन केंद्रांवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायला सुरुवात केली आणि पंधरा-पंधरा मिनिटांचा पाऊस कळू लागला. या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर झालेलं काम बहुधा हेच.

2007 मध्ये केंद्राने ब्रिमस्टोवॅडसाठी 1,200 कोटी मंजूर केले. पुढे तोही आकडा कितीतरी मागे पडला. वाहिन्या रुंद करणं, नाल्यांना भिंती बांधणं, रेल्वेखालचे कल्व्हर्ट, म्हणजे मोऱ्या, वाढवणं आणि आठ उदंचन केंद्रं असा पसारा होता. भरतीच्या वेळी गुरुत्वाकर्षण कामाचं नाही, म्हणून पाणी उचलून समुद्रात टाकणारी ही केंद्रं. हाजी अली आणि इर्ला आधी सुरू झाली. मग लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध. एकेक पंप सेकंदाला 6 हजार लिटर पाणी फेकतो, म्हणजे तासाला दोन कोटी लिटरहून थोडं जास्त. वरच्या पाच कोटींशी हे ताडून पाहिलं की एका चौरस किलोमीटरला असे दोनाहून अधिक पंप लागतात हे लक्षात येतं.

आठातली दोन केंद्रं, माहुल आणि मोगरा, पंपांमुळे अडली नाहीत. अडली ती जागेमुळे. माहुलची जागा मिठागराची, म्हणजे केंद्राच्या मीठ आयुक्तांकडची. मोगऱ्याला जमिनीच्या मालकीचा वाद न्यायालयात. किंग्ज सर्कल, सायन, चुनाभट्टी, नेहरूनगर इथे पाणी का ओसरत नाही, याचं अर्धं उत्तर माहुलच्या फायलीत आहे. अंधेरी सबवेचं मोगऱ्याच्या फायलीत. माझ्या मते मुंबईच्या पूरनियंत्रणाचा इतिहास हा पंपांपेक्षा सातबाऱ्याचा इतिहास आहे. पाणी उभं राहायची जागा आधी विकली गेली, आणि आता तेच पाणी उचलायला चार गुंठे मिळवताना कागदपत्रांत वर्षं जातात.

व्यवस्थापनाची कटकटही तशीच. 2005 नंतर मिठीसाठी वेगळं प्राधिकरण झालं, पण काम विभागलं गेलं: मुखाकडचा सहाएक किलोमीटरचा पट्टा मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए), वरचा जवळपास बारा किलोमीटर पालिकेकडे. मध्ये विमानतळ, दोन्हीकडे रेल्वे. एकाच नाल्यावर रुळांखालचा कल्व्हर्ट रेल्वे साफ करणार आणि अलीकडचा-पलीकडचा भाग पालिका. एकाने हात आखडला की दुसऱ्याची मेहनत वाया. नालेसफाईबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. वर्षभराच्या गाळातला मोठा हिस्सा 31 मेपर्यंत काढायचा असतो, किती काढला ते वजनाने मोजतात, आणि विरोधक दरवर्षी ‘नालेसफाई की हातसफाई’ विचारतात. मे 2025 मध्ये मिठीतल्या गाळउपशात सुमारे 65 कोटींच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कंत्राटदार आणि पालिका अधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल केला. त्यामुळे हा टोमणा नुसता टोमणा राहिलेला नाही.

हिंदमाताचा प्रयोग वेगळा आणि मला तरी सगळ्यांत शिकण्यासारखा वाटतो. परळ-दादरमधला हा चौक बशीसारखा सखल, चारी बाजूंचं पाणी तिथेच येणार. ब्रिटानिया केंद्र सुरू झाल्यावर हिंदमाता सुटेल असं सांगितलं गेलं होतं. सुटलं नाही, कारण तिथून रे रोडच्या केंद्रापर्यंत पाणी पोहोचवणारी वाट लांब आणि जुनी. अखेर 2021-22 च्या सुमारास प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या. भरती असेपर्यंत पाणी तिथे धरून ठेवायचं, ओहोटी लागली की सोडायचं. आधी भरतीचं पाणी खाजणात विसावायचं आणि उतरायचं; आता तेच काम मैदानाखालच्या काँक्रीटकडून, कोट्यवधी खर्चून, करून घ्यावं लागतं. टाक्यांचा फायदा झाला, पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं. मात्र मोठ्या पावसात त्याही भरतात.

आणि पाऊस बदलतोय. 5 ऑगस्ट 2020 ला कुलाब्यात दिवसभरात 300 मिमीच्या वर पडला आणि एरवी कोरड्या राहणाऱ्या मरीन ड्राइव्ह-गिरगाव पट्ट्यात पाणी साचलं. 26 मे 2025 ला नैऋत्य मोसमी पाऊस नेहमीपेक्षा पंधरवडाभर आधी आला, तेव्हा 31 मेची नालेसफाईची मुदतही संपली नव्हती. वरळीचं नवंकोरं भुयारी मेट्रो स्थानक पाण्याखाली गेलं. त्यानंतर पालिकेत ताशी 50 ऐवजी 120 मिमीपर्यंतच्या क्षमतेची भाषा सुरू झाली. तेवढ्या पाण्याला रस्त्याखाली आजच्या दुपटीहून मोठी वाहिनी हवी, आणि तिथे जलवाहिन्या, मलवाहिन्या, वीज, गॅस आणि इंटरनेटच्या केबल आधीच दाटीवाटीने बसल्या आहेत. माहुलच्या उदंचन केंद्राचे पंप अजून पाणी उपसू लागलेले नाहीत.