डुकरांच्या आवारात उगवणारं विष

गाय वरवरचं चरते, डुक्कर मात्र नाकाडाने जमीन उकरतं. म्हणून डुकरांसाठी आवार तपासताना झुडपांइतकंच मातीतले कंद, पडलेल्या बिया आणि नुकती उगवलेली रोपं पाहावी लागतात.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते शंकेश्वर या तणाकडे. याची काटेरी फळं कपड्यांना, गुरांच्या शेपटीला चिकटतात. ओढ्याकाठी, तळ्याचं पाणी ओसरलेल्या ओलीत त्याची रोपं दाट येतात. वाढलेलं झाड खरखरीत असतं, डुक्कर ते सहसा टाळतं. विष एकवटलेलं असतं ते बियांत आणि दोन बीजदलांच्या कोवळ्या रोपांत. लांबट, जाडसर, गुळगुळीत अशी ही दोन पानं डुकरं आवडीने खातात. त्यातलं कार्बॉक्सिअ‍ॅट्रॅक्टिलोसाइड पेशींतला ऊर्जेचा पुरवठाच अडवतं. यकृत निकामी होतं, रक्तातली साखर घसरते. वजनाच्या ०.७५ टक्के रोपंही घातक ठरू शकतात, म्हणजे ४० किलोच्या डुकराला फक्त ३०० ग्रॅम. ८ ते २४ तासांत जनावर मलूल होतं, ओकतं, झोकांड्या खातं, अंग गार पडतं, झटके येतात. मग हाताशी काही तासच उरतात.

दातेरी खरी पानं फुटली की रोपातलं विष झपाट्याने कमी होतं. तोवर ती जागा कुंपणाने बंद ठेवा आणि झाडं फळं धरण्याआधी उपटा. एका फळात दोन बिया असतात. एक आधी रुजते, दुसरी बऱ्याचदा पुढच्या वर्षी, त्यामुळे एकदा उपटून काम संपत नाही. भरडायच्या धान्यातूनही ही फळं चाळून काढा.

बागेतल्या कण्हेरीचं विष हृदयावर चालतं, आणि पानं वाळली तरी ते टिकतं. छाटलेल्या फांद्या आवारात टाकणं हीच इथली नेहमीची चूक. कळलावीच्या कंदात कोल्चिसीन हे विष असतं. वर वेल सुकलेली दिसली तरी खाली कंद असतो, आणि डुक्कर तो उकरून काढू शकतं. खत म्हणून घातलेली एरंडीची पेंडही तितकीच घातक. नीट उष्णता-प्रक्रिया न झालेल्या पेंडीत रायसिन हे विष उरतं, आणि खाद्य समजून डुक्कर ती माती उकरतं. अशी पेंड कोंडा-चुनीच्या पोत्यांजवळ ठेवूच नका.

नव्या जागी सोडण्याआधी डुकरांना पोटभर खाऊ घाला. भुकेलं जनावर एरवी न खाल्लेलंही चघळतं.

विषबाधेचा संशय आला तर सगळा कळप तिथून हलवा, समोर स्वच्छ पाणी ठेवा आणि पशुवैद्यकाला लगेच बोलवा. खाल्लेल्या झाडाचा आणि ओकारीचा नमुना जपून ठेवा. तेल, ताक किंवा मिठाचं पाणी तोंडात ओतू नका. झोकांड्या खाणाऱ्या डुकराच्या ते फुप्फुसात जातं. सक्रिय कोळसा (पोटातलं विष शोषणारी कोळशाची पूड) लवकर दिला तर उपयोगी पडू शकतो, पण किती आणि कसा द्यायचा हे पशुवैद्यकच ठरवतील.